साठ पत्त्यांचे सगुणबाब

सगुणबाब परब आपले खेळायचे पत्ते जेवणाच्या डब्यातून आणत. दोन पुडांचा स्टीलचा डबा. वरच्या पुडात उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, आणि भाजी, खालच्या पुडात हातरुमालात गुंडाळलेले साठ पत्ते. पत्त्यांना भाजीचा वास येतो अशी कोणी तक्रार केली, की ते एक पत्ता नाकाशी नेत, डोळे मिटून हुंगत आणि म्हणत, "खतखत्याचो न्हय. चवळीचो."

आणि तक्रार करणारा हसत सुटे. मी तीच तक्रार केली असती तर लोकांनी मला किरकिऱ्या म्हटलं असतं. म्हटलंही होतं.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. हा खेळ चित्रांच्या पत्त्यांचा. वाघ, गरुड, योद्धे, ढाली, औषधी अशी शेकडो प्रकारचे पत्ते मिळतात. ते जमवायचे, एकमेकांत अदलाबदल करायची आणि त्यांतले पसंतीचे निवडून आपापला डेक बांधायचा. नियम सोपे आहेत. डेकमध्ये कमीत कमी चाळीस पत्ते हवेत, जास्तीत जास्त साठ. प्रत्येकाला वीस प्राण. दर पाळीला एक पत्ता उचलायचा, आणि समोरच्याचे प्राण संपवायचे. उचलायला पत्ताच उरला नाही तर आपण हरलो.

आता शहाणा माणूस काय करतो? चाळीस घेतो. मोजून चाळीस. कारण आपले सगळ्यात चांगले पत्ते तीन-चारच असतात आणि बाकीची गर्दी जितकी वाढवाल तितके ते उशिरा हाताला लागतात. मी हायर सेकंडरीला गणित शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट मला कोणी सांगावी लागली नाही. उलट डिचोलीत ती सगळ्यांना मीच सांगितली. बाजारामागच्या वाचनालयाच्या माडीवर रविवारी दुपारी जमणारा आमचा दहा-बारा जणांचा गट मी सुरू केला, माझ्या मुलीसाठी, गौरीसाठी. ती तेव्हा सातवीत होती. नियम मी शिकवले, डेक मी बांधून दिले, कोणाचा कुठला पत्ता काढायचा ते मी ठरवलं.

मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टर शिरोडकर बाई एका गृहस्थाला हाताला धरून माडीवर घेऊन आल्या. बाई दातांच्या डॉक्टर, आमच्या गटातल्या. म्हणाल्या, "हे सगुणबाब. पेडण्यातल्या केरीचे. यांची दाढ बसवायला चार रविवार लागणार आहेत, आणि दोन बस बदलून येतात. परतीच्या बसपर्यंत इथं बसू देत."

दाढ बसली. सगुणबाब मात्र येतच राहिले.

साठीचा माणूस. पांढरा शुभ्र शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उन्हानं रापलेले हात. सरकारी नोकरीतून निवृत्त, एवढंच मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना नेमका चाळिसांचा डेक बांधून दिला. पुढच्या रविवारी तो सेहेचाळिसांचा झाला होता. त्याच्या पुढच्या रविवारी बावन्न. महिन्याभरात ते साठावर पोहोचले आणि तिथंच थांबले, कारण नियम त्याच्यापुढे जाऊ देत नव्हता. साठ पत्ते त्यांच्या दोन हातांत मावत नसत. मग ते अर्धे समोरच्याकडे देऊन म्हणत, "इतके जरा तुमी पिसा." आपल्याला हरवायला बसलेल्या माणसाकडून आपलेच पत्ते पिसून घेणारा खेळाडू मी दुसरा पाहिलेला नाही.

पत्ता उचलला की तो चांगला असो, कुचकामी असो, सगुणबाब त्याला म्हणत, "येवा!" पाहुणा दारात आल्यासारखं. त्यांच्याकडे एक कासव होतं. हे कासव टेबलावर आलं की दोन पाळ्या झोपून राहतं आणि जागं झाल्यावर समोरच्याचा एक प्राण घेतं. एक! मी डेकमधून सगळ्यांत आधी हाकलेन असा तो पत्ता. सगुणबाबांनी तशी तीन कासवं ठेवली होती, आणि तिघांना केरीतल्या तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांची नावं दिली होती.

"सगुणबाब, हे कासव तरी काढा हो," मी म्हणे.

"काडीन. पण काडल्यार ह्यो खंय जातलो, मास्तर?"

काढलं तर ते जाणार कुठे, या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. ते वाक्य आमच्या गटात इतकं पसरलं, की डॉक्टर बाई दाढ उपटतानाही ते म्हणू लागल्या असं ऐकलं.

एका रविवारी मी चिडून फळाच पुढे ओढला. सगळ्यांना समोर बसवलं. तीन वाघ चाळिसांत असतील तर साधारण दर तेरा पत्त्यांमागे एक वाघ मिळतो, साठांत असतील तर विसांमागे एक, म्हणजे तुम्ही सात पत्ते फुकट थांबता, असं सगळं आकडेमोड करून दाखवलं. सगुणबाब पहिल्या बाकावर बसले होते. त्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. माझे विद्यार्थीसुद्धा इतक्या आदरानं उतरवून घेत नाहीत. शेवटी त्यांनी हात वर केला.

"मास्तर, एक इचारूं?"

"विचारा."

"थांबलो तर थांबलो. वाघ येयसर मदीं जे सात जण येतत, ते काय वायट आसत?"

माडी हसण्यानं भरून गेली. गौरी तर बाक धरून हसत होती. मी हातात खडू घेऊन उभा. त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा कळलं, की मला जो येतोय तो राग नव्हे. मला या माणसाचा मत्सर वाटत होता. चांगला पोटात दुखेल असा मत्सर.

कारण पाहा ना. मी जिंकत असे. बहुतेक सगळे डाव मी जिंकत असे, आणि बारा-पंधरा मिनिटांत जिंकत असे. सगुणबाब तिनांतले दोन हरत. पण माझ्याकडून हरलेला माणूस उठून काय करी? सरळ जाऊन सगुणबाबांच्या खुर्चीमागे उभा राही. त्यांचा डाव दीड-दीड तास चाले. ते ढाली लावत, औषधी पाजत, कासवं झोपवत आणि मधल्या वेळात समोरच्याला विचारत: तुझ्या आजीचं मोतीबिंदूचं झालं काय? वाळपईला बदली झाली होती ती रद्द झाली काय? ट्रकावर नवा ड्रायव्हर मिळाला काय? हरले की दोन्ही हातांनी पत्ते गोळा करत म्हणत, "बरो खेळ झालो. जेवल्यासारखां वाटला." त्यांच्याशी खेळायला नंबर लागायचा. माझ्यासमोरची खुर्ची मात्र मोकळी असायची, आणि मी ती कोणी भरावी म्हणून पत्ते उगाचच मोठ्यानं पिसत बसायचो.

हे मी सोसलंही असतं. पण मग गौरी गेली.

गेली म्हणजे त्यांच्या बाजूला गेली. यंदा ती नववीत. आधी ती कुठलाही नवा पत्ता मिळाला की माझ्याकडे धावत येई: "पप्पा, ठेवू की नको?" मी सांगे नको, ती ठेवत नसे. आता ती तो पत्ता पिशवीत घालून रविवारची वाट बघू लागली. एका सकाळी पाव-भाजी खाताना मी सहज तिचा डेक मोजला. त्रेचाळीस.

"हे तीन कोण?"

"असू देत ना, पप्पा."

"कशाला असू देत? कारण सांग."

"आवडतात."

"आवडतात हे कारण नव्हे, गौरी. तीन आठवड्यांनी म्हापशाला स्पर्धा आहे. तिथं समोरची मुलं चाळीस घेऊन येणार."

"सगुणकाका म्हणाले, आवडलेलो पत्तो हाताक आलो की खेळूंक उमेद येता."

तिनं ते त्यांच्या उच्चारात म्हटलं. माझ्या घरात, माझ्या मेजावर बसून, माझी मुलगी त्यांच्या उच्चारात बोलत होती. मी म्हटलं, "सगुणकाकांना काय कळतं? दोन वर्षं खेळतायत आणि अजून हरतायत."

गौरीनं पावाचा तुकडा खाली ठेवला. म्हणाली, "तुमच्याबरोबर खेळताना परीक्षा दिल्यासारखं वाटतं, पप्पा. त्यांच्याबरोबर खेळताना तसं वाटत नाही."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि परत आत गेली.

त्या रविवारी मी माडीवर लवकर जाऊन बसलो. सगुणबाब आले, डबा मेजावर ठेवला, आणि त्यांनी झाकण उघडायच्या आत मी म्हटलं, "सगुणबाब, पुढचा एक रविवार तुम्ही चाळीस पत्त्यांनी खेळायचं."

"कित्याक?"

"गौरीसाठी. तुम्ही करता ते बघून ती पत्ते वाढवतेय. म्हापशाला हरेल. तुम्ही एकदा चाळिसांनी खेळा. नाही जिंकलात तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण जिंकलात, तर तिला तुमच्या तोंडानं सांगायचं, की पप्पांचं बरोबर आहे."

मी हे गौरीच्या हितासाठी बोललो असं मला तेव्हा वाटत होतं. खरं तर मला तेच वाक्य ऐकायचं होतं, सगळ्यांसमोर, त्यांच्या तोंडून.

सगुणबाब बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करत राहिले. "चेडवाच्या फायद्याचा आसा?"

"आहे."

"मगे खेळतंय."

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा डबा हलका होता. त्यांनी रुमाल सोडला. चाळीस पत्ते. वीस काढायला आठवडा लागला, असं ते डॉक्टर बाईंना सांगत होते. एकेक काढून पुन्हा घालत होते म्हणे. कासवं तिन्ही गेली होती.

पहिला डाव डॉक्टर बाईंशी. अकरा मिनिटांत संपला. बाई हरल्या.

दुसरा डाव बँकेतल्या वेर्णेकरांशी. नऊ मिनिटं. वेर्णेकर आपल्या पत्त्यांकडे असे बघत राहिले, जणू कोणी त्यांचा खिसा कापलाय.

तिसरा डाव मी स्वतः खेळलो. मी या गटाचा जनक, गणिताचा मास्तर. सगुणबाबांनी चौथ्याच पाळीला माझी ढाल फोडली, सातव्या पाळीला मी संपलो. त्यांनी एकही चूक केली नाही. माझ्या हातात काय आहे, ते माझ्या चेहऱ्यावरून वाचल्यासारखं खेळले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस दोन वर्षं हरत होता तो खेळ येत नाही म्हणून नव्हे. त्याला हा खेळ आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त येत होता.

पत्ते गोळा करताना माझ्या मनात काय होतं ते सांगतो. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. माझा नियम जिंकला होता. आणि तरीही मी जळत होतो, कारण माझा नियमसुद्धा त्यांच्याच हातात जास्त शोभला.

चौथा डावही ते जिंकले. टाळ्या झाल्या. सगुणबाब उठले, गौरी जिथं खेळत होती त्या मेजापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाय, पप्पा सांगतत ता खरा. चाळीस बरे. म्हापशाक चाळीसच घेवन जा."

गौरीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिनं तीन पत्ते बाजूला काढून पिशवीत टाकले. पुढे म्हापशाला ती चाळिसांनीच खेळली आणि तिसरी आली. तेव्हा कोणाचं चुकलं असं म्हणायला जागा नाही.

मी हवं ते मिळवलं होतं. चहा घेतला, दोघा-तिघांशी बोललो. आणि मग माझी नजर कोपऱ्यातल्या मेजाकडे गेली.

सगुणबाब एकटे बसले होते. साडेचार वाजले होते. त्यांची बस सहाची. एरवी या वेळेला त्यांचा दुसरा डाव अर्ध्यात आलेला असे आणि मागे चार माणसं उभी असत. आज चारही डाव संपून गेले होते आणि पाचव्याला कोणी येत नव्हतं. दहा मिनिटांत हरायला कोण बसणार? बाकीचे आपापसांत खेळत होते. सगुणबाबांनी चाळीस पत्ते नीट रचून ठेवले होते आणि जनेलातून बाहेर बघत होते. मग त्यांनी डबा उघडला, उंडा काढला, बघितला आणि परत ठेवला.

माझ्यासमोरची मोकळी खुर्ची मला चांगली ओळखीची होती. दुसऱ्या कोणासमोर ती मी कधी पाहिली नव्हती.

मी जाऊन समोर बसलो. "छान खेळलात," मी म्हटलं.

"तुमचा गणित बरोबर, मास्तर. बेगीन जिंकूंक जाता." मग म्हणाले, "पण बेगीन सोंपता."

"लवकर जिंकता येतं आणि लवकर संपतं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्याच रविवारी कळला."

"मग साठ कशाला?"

ते हसले, लाजल्यासारखे. म्हणाले, "एकतीस वर्सां मी फेरीबोटीर होतंय. केरी-तेरेखोल. पाच मिनटांचा पाणी. माणूस फेरीत चडलो की बोलूंक लागता. कोणाचा लगीन, कोणाची कोर्टात केस. मी दोर धरून आयकतंय. आनी मदींच पलतड येता, फळी पडता, माणूस उतारता. एक बायल सांगी होती, तिच्या झिलान घर सोडल्यान, मगे सात वर्सांनी एक दिस दारात कोण उबो म्हणून पळयता तर... आनी फळी पडली."

"तर कोण होतं? तिचा मुलगा?"

"ताच नाय कळला." त्यांनी तळहात पालथे केले. "असा रोजचा. सगळ्यांचा अर्दा-अर्दा."

मी दोन वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की सरकारी नोकरी म्हणजे कुठली. सगळ्यांच्या आजीचं मोतीबिंदू विचारणाऱ्या माणसाला मी एवढंही विचारलं नव्हतं.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"घर आसा," सगुणबाब म्हणाले.

खाली बाजारात कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग मी म्हटलं, "ते वीस पत्ते कुठे आहेत?"

त्यांनी शर्टाच्या खिशाला हात लावला.

"घाला त्यात. एक डाव खेळू."

"सहाची बस, मास्तर."

"चुकली तर मी गाडीनं सोडीन. केरीपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खिशातून वीस पत्ते काढले, चाळिसांत मिसळले आणि अर्धे माझ्यापुढे केले. मी पिसायला लागलो. त्यांच्या पत्त्यांना खरंच चवळीचा वास येत होता. मीही माझे चाळीस काढले.

डाव सुरू झाला. पहिला पत्ता उचलून ते "येवा" म्हणाले, आणि ते ऐकून पलीकडच्या मेजावर दोघांनी माना वळवल्या. थोड्या वेळानं डॉक्टर बाई येऊन उभ्या राहिल्या. मग वेर्णेकर. मग गौरी आली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. माझ्या मागे नव्हे. खोटं कशाला सांगू, थोडं दुखलंच.

नवव्या पाळीला माझ्या हातात वाघ आला. सगुणबाबांचे तीन प्राण उरले होते, त्यांची ढाल मोडलेली, आणि वाघ चार घेतो. दहा सेकंदांत डाव संपला असता. सगुणबाब तेव्हा एका नवरदेवाची गोष्ट सांगत होते. वऱ्हाड घेऊन फेरीत चढला होता आणि चढल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं, की मंगळसूत्र घरीच राहिलं. पलीकडे लग्नाचे वाजंत्री उभे. सांगता सांगता ते थांबले. माझा चेहरा त्यांना वाचता येतो, हे मी विसरलो होतो.

"तुमची पाळी, मास्तर," ते हळूच म्हणाले, आणि हातातले पत्ते आवरायला लागले.

मी वाघ इतर पत्त्यांच्या मागे सरकवला आणि एक ढाल मेजावर ठेवली.

"झाली माझी पाळी," मी म्हटलं. "मग नवरदेवानं काय केलं?"